लेकीचे गणित आणि मशीनवरची चार पुस्तके

मुलांची पुस्तके घेताना आपल्या घरांत बहुधा दोनच गोष्टी पाहिल्या जातात. एक किंमत, आणि दुसरे म्हणजे शाळेने दिलेल्या यादीत ते नाव आहे की नाही. आत काय छापले आहे, ते आपल्याला वाचून मुलाला समजावता येईल का, हे कुणी उघडून पाहत नाही. शिकवणे मास्तरांचे काम आणि आपले काम फी भरण्याचे, असे आपण धरून चाललो आहोत. गेल्या वर्षी माझ्यावर मात्र पुस्तक उघडून पाहण्याची वेळ आली, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही येरवड्यात राहतो. मी घरी ब्लाऊज, परकर शिवते, फॉल-पिको करते. मुलीचे पप्पा फॅब्रिकेशनच्या शेडवर वेल्डिंगला जातात. धाकटी मुलगी इंग्रजी माध्यमात तिसरीला होती. जुलै महिन्यात तिचा पाय मांडीत मोडला, ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत जिना चढायचा नाही असे बजावले. तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे चार महिने शाळा घरीच. शाळेकडून रोज संध्याकाळी फोनवर निरोप यायचा, वर्कबुकाचे पान अमुक ते तमुक पूर्ण करा आणि फोटो पाठवा.

पोरगी पाने भराभर भरायची. समोरून बरोबरची खूण यायची. आम्हाला वाटले, चला, अभ्यास मागे पडत नाही.

एक दिवस मी अस्तर, दोरे आणि हुक घेऊन आले. बिल एकशे सत्त्याऐंशी रुपये झाले होते. मी पाचशेची नोट दिली होती. सहज तिला म्हटले, "किती परत आले असतील, मांडून सांग बघू." तिने वहीवर ५०० लिहिले, खाली १८७ लिहिले आणि उत्तर काढले ४८७! शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य वजा केले, आठातून शून्य वजा केले, पाचातून एक. खरेदी करून एवढे पैसे परत मिळत असते तर दुकानदाराचे दिवाळे निघाले असते. मी वही मिटली आणि तिच्या हातात चिल्लर आणि नोटा दिल्या. "आता तू दुकानदार. मला परत दे." तिने बोटांवर मोजले. एकशे सत्त्याऐंशीला तीन घातले की एकशे नव्वद, दहा घातले की दोनशे, आणि तीनशे. "तीनशे तेरा, आई."

म्हणजे तिला गणित येत होते. वहीवरचे येत नव्हते. बिनचूक भरलेल्या पन्नास पानांत ही गोष्ट कुठेच दिसली नव्हती, कारण प्रत्येक पानावर वर एक उदाहरण सोडवून दाखवलेले आणि खाली चोवीस रिकाम्या चौकटी. वरचे बघायचे आणि खाली तसेच करायचे. अशा वर्कबुकात शिकवणारा माणूस वर्गात उभा आहे असे धरूनच पाने छापलेली असतात. तो माणूस नसेल तर चौकटी भरल्या जातात, एवढेच. आमचा मोठा मुलगा २०२० मध्ये नेमका तिसरीत होता. टाळेबंदीत जवळजवळ दोन वर्षे फोनवरच त्याची शाळा झाली आणि भागाकार त्याला आठवीपर्यंत नडला. तेच पुन्हा होऊ द्यायचे नाही असे आम्ही दोघांनी ठरवले.

जाता जाता एक गोष्ट सांगते. आज जगभर क्लास असलेल्या कुमोन या जपानी पद्धतीचा आरंभ १९५४ मध्ये एका बापाने केला. तोरू कुमोन हे हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांचा दुसरीतला मुलगा गणितात मागे पडला, तेव्हा ते त्याच्यासाठी रोज एक सुटा कागद हाताने तयार करायचे. म्हणजे सरावाची पाने वाईट असतात असे नाही. पण तो कागद आपले पोर काल कुठे अडले हे पाहून काढलेला असे. छापखान्यातल्या पानाला आपले पोर माहीत नसते.

माझे एक गिऱ्हाईक आहे, चांगल्या शिकलेल्या बाई. त्यांनी दोन्ही मुलांना शाळेत घातलेलेच नाही, घरी शिकवतात. पुण्यात अशी काही सुखवस्तू घरे आहेत. ब्लाऊज द्यायला गेले तेव्हा त्यांनी कपाट उघडून दाखवले. नुसत्या गणिताची पुस्तके दोन खण भरून! परदेशातली, दिल्लीची, चित्रांची, कोड्यांची. त्यांनी मोठ्या मनाने दोन पुस्तके वापरायला दिली. मी घरी येऊन मशीनचे झाकण लावले आणि त्यावर सगळी पुस्तके मांडली. शाळेचे वर्कबुक, त्या बाईंचे परदेशी पुस्तक, एनसीईआरटीचे २०२४ मध्ये आलेले तिसरीचे 'मॅथ्स मेला', आणि शेजारच्या मुलाचे बालभारतीचे तिसरीचे गणित, मराठी माध्यमाचे.

परदेशी पुस्तक देखणे होते. पण त्यातली नाणी आपली नव्हती, आणि अपूर्णांक शिकवायला पिझ्झा होता. आमच्या मुलीने पिझ्झा खाल्लेला आहे, नाही असे नाही. एका वाढदिवसाला खाल्ला आहे. पण आठ तुकड्यांतले तीन म्हणजे काय याचा विचार करण्याआधी तिच्या तोंडाला पाणी सुटे आणि धडा तिथेच संपे. एनसीईआरटीचे पुस्तक मला खरोखर आवडले. गोष्टी आहेत, खेळ आहेत, पोराला बोलते करणारे प्रश्न आहेत. अडचण एकच. ते बोलणे इंग्रजीत किंवा हिंदीत. मी दहावीपर्यंत मराठीत शिकले, गणितात काठावर पास. प्रश्न वाचून, मनात मराठी करून, पुन्हा पोरीला सांगेपर्यंत पातेल्यातले दूध उतू जायचे. ज्या घरात आई किंवा वडील इंग्रजी सहज वाचतात तिथे ते जरूर घ्यावे.

बालभारतीचे पुस्तक मी सर्वांत शेवटी उघडले. सरकारी पुस्तक, फुकट मिळणारे, म्हणून आपल्या मनात त्याची किंमत कमी असते. इंग्रजी शाळेत पोर घातले की ते पुस्तक घरात दिसूही नये असे काहींना वाटते. मी मात्र ते पान पान वाचले आणि मला ते सगळे समजले. माझ्या दृष्टीने तिथेच निवड झाली. घरी शिकवायचे तर पुस्तक आधी शिकवणाऱ्याला वाचता आले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मनपाची बस धरली. मनपापासून नव्या पुलावरून, शनिवारवाड्यावरून चालत गेले की बाजीराव रस्त्यावर अप्पा बळवंत चौक. पुण्यात पुस्तक म्हटले की हाच चौक. तिथे बालभारतीचे तेच तिसरीचे गणित मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांचे घेतले. दोन्हींत तीच उदाहरणे, तीच चित्रे. बालभारती पुण्यातलीच संस्था. तिची स्थापना २७ जानेवारी १९६७ ला झाली आणि तिची कचेरी सेनापती बापट रस्त्यावर आहे. एकच गणित ती अनेक भाषांत छापते, याचा असा उपयोग होईल हे मला कुणी सांगितले नव्हते. मराठी पुस्तक माझ्या मांडीवर, इंग्रजी तिच्या. मी मराठीत वाचून समजावणार, ती इंग्रजीत लिहिणार. एका रंगीत वर्कबुकाच्या पैशात दोन्ही पुस्तके आली आणि वर दोन शंभरपानी वह्या. ज्यांना तेही जमत नसेल त्यांना बालभारतीच्या संकेतस्थळावरून हीच पुस्तके फोनवर विनामूल्य उतरवून घेता येतात. पण फोनवर पुस्तक उघडले की पोराचे बोट पुस्तकावर राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

त्या चौकापासून बुधवार पेठेतला भिडेवाडा चालत पाच-सात मिनिटांवर. सावित्रीमाई आणि जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती तिथे. डिसेंबर २०२३ मध्ये तो जुना वाडा स्मारकासाठी पाडला. पुस्तकांची पिशवी घेऊन मी त्या बाजूने गेले. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले त्यात गोरगरिबांच्या प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब मागितला होता. आपण हे विसरतो. ज्याला हिशेब येत नाही तो सावकाराच्या कागदावर अंगठा उठवतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आता त्या चार महिन्यांत नेमके काय केले ते सांगते.

हातच्याची वजाबाकी आधी घेतली. पुस्तकात दशक सुटा करणे चित्राने दाखवले आहे. मी ते बटणांनी केले. शिलाईच्या डब्यात जुनी बटणे असतातच. दहा बटणे दोऱ्यात ओवून गाठ मारली, तो झाला दशक. अशा दहा माळा एका पिशवीत घातल्या, ते शतक. सुटी बटणे म्हणजे एकक. पाचशे म्हणजे पाच बंद पिशव्या, बाहेर एकही माळ नाही, एकही सुटे बटण नाही. आता यातून सात बटणे दे म्हटले की पोरगी गप्प. मग तिनेच एक पिशवी उघडली, दहा माळा बाहेर काढल्या, एका माळेचा दोरा कात्रीने कापला. राहिल्या चार पिशव्या, नऊ माळा आणि दहा बटणे. त्यातून एकशे सत्त्याऐंशी काढले तेव्हा उरले तीनशे तेरा. तिने वहीवर पाच खोडून चार केले, शून्यावर नऊ लिहिले आणि शेवटच्या शून्यावर दहा. हे ती पूर्वीही बघून बघून लिहीत होती, पण नऊ कुठून आला हे त्या दिवशी कळले. आठ दिवस आम्ही दोरे कापले आणि पुन्हा ओवले. ओवायला सासूबाई बसायच्या.

दुसरी अडचण आकड्यांच्या नावांची. मी "एकोणसाठ" म्हटले की ती ६९ लिहायची, कारण तिला साठ ऐकू यायचे. "त्रेपन्न" म्हटले की ३५. तिच्या इंग्रजीत 'फिफ्टी थ्री', आधी पन्नास मग तीन, जसे लिहायचे तसेच बोलायचे. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी वाचायची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! टिंगल झाली, विधानसभेत चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. लहान मुलाला जोडाक्षरी नावांचा त्रास होतो आणि कानडीसारख्या भाषांत आकडे सरळ क्रमानेच बोलतात, ही त्यांची बाजू होती. २०२३ मध्ये त्या गेल्या. तेव्हा मलाही ते वेडगळ वाटले होते, वर्तमानपत्रे तशीच लिहीत होती. पण घरात दोन भाषांचे पोर बसले की त्यांचे म्हणणे पटते. आम्ही दोन्ही नावे ठेवली. मी म्हणायची, "एकोणसाठ, म्हणजे पन्नास नऊ." महिन्याभरात दुसरा भाग बोलायची गरज उरली नाही. 'एकोणसाठ' सोडून द्यावे असे मात्र मला वाटत नाही. आजीबरोबर बाजारात जायचे तर ते नाव लागतेच.

अपूर्णांकाला तर पुस्तकाची फार गरजच पडली नाही. बालभारतीत पाव, अर्धा, पाऊण हे आपले शब्दच आहेत. भाकरीचा चतकोर तिला ठाऊक होता. माझ्या टेपवर एका इंचाचे आठ भाग, प्रत्येकाला आम्ही सूत म्हणतो, आणि तिच्या पप्पांच्या शेडवरही सूतच म्हणतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा, सहा सूत म्हणजे पाऊण. बाहीची उंची साडेपाच, मुंढा पावणेआठ, ही मापे ती माझ्या वहीत लिहू लागली. सासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी पंचवीस वर्षे भाजी विकली. साठ रुपये किलोची पाऊण किलो कितीला, विचारले की त्या सांगतात, "अर्ध्याचे तीस, त्याच्या अर्ध्याचे पंधरा, झाले पंचेचाळीस." पूर्वीच्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. ते पाठ करणाऱ्यांच्या शाळेत आपल्या आजी-पणजीला पाऊल ठेवता येत नव्हते. सासूबाईंनी ते बाजारात उभे राहून मिळवले. पोरीला हे मी मुद्दाम सांगितले. "गणित आपल्या डोक्यातच नाही" असे वाक्य आपल्या वस्तीत फार सहज बोलले जाते आणि मला त्याची चीड आहे.

बाबासाहेबांच्या चरित्रातला तो प्रसंग सर्वांना माहीत आहे. हायस्कुलात मास्तरांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले आणि फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुले डबे उचलायला धावली. आपण तो डब्यांसाठी सांगतो. फळ्यावर गणिताचे उदाहरण होते आणि ते सोडवायला बोलावलेला विद्यार्थी आपला होता, हे सांगायचे राहून जाते. पुढे त्याच विद्यार्थ्याने १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आणि त्यांना घरी शिकवणारे कोण? सुभेदार रामजीबाबा. लष्करी शाळेत मास्तरकी केलेले, मुलाच्या पुस्तकांसाठी लग्न झालेल्या लेकींकडून पैसे उसने घेणारे. तेव्हा घरी बसून शिकवणे ही काही कपाटवाल्या घरांचीच मिरासदारी नाही.

तरीही त्या बाईंसारखे पोराला शाळेतूनच काढावे, असे मला कधी वाटले नाही. त्यांनी प्रेमाने सुचवलेही, "एवढे छान शिकवता, मग शाळा कशाला?" त्यांच्या मुलांना शाळा नको असली तर तो त्यांचा निर्णय, आणि त्या कष्टाने शिकवतात हे मी पाहिले आहे. पण आपल्या लोकांना शाळेच्या दारात उभे राहण्यासाठी किती पिढ्या लागल्या! २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला, तो एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो बाक आपण आपण होऊन रिकामा करू नये. ज्यांना आजारपणाने किंवा कामाच्या फिरतीने खरोखरच शाळा शक्य नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत, त्याची चौकशी जरूर करावी. बाकीच्यांनी शाळा आणि घर दोन्ही चालवावे.

दिवाळीनंतर मुलगी शाळेत गेली. तिथल्या बाईंनी वजाबाकी पाहून "मांडणी आमच्यासारखी करायची" असे बजावले. आता ती शाळेत शाळेसारखी मांडते आणि घरी तोंडाने ताळा पाहते. रविवारी विहारात वंदना झाल्यावर शेजारची तीन मुले तिच्याबरोबर बटणांच्या माळा घेऊन बसतात. परवा एका मुलाने भागाकार विचारला तेव्हा आमचा मोठा, तोच भागाकारात अडलेला, समजावत होता. सोळा बटणे तीन जणांत वाटली, प्रत्येकाला पाच, आणि उरलेले एक हातात धरून "ही बाकी" म्हणून सांगितले.

एक तक्रार आपल्याच माणसांबद्दल आहे. १ जानेवारीला कोरेगाव भीमाला, ६ डिसेंबरला दादरला आपण पिशव्या भरून पुस्तके घेतो. चरित्रे, भाषणे, वंदनेची पुस्तके. यंदा कोरेगावला मी बऱ्याच स्टॉलवर लहान मुलांच्या गणिताचे काही आहे का म्हणून विचारले. एका ठिकाणी अंकलिपी मिळाली, बाकी माना हलल्या. पुढच्या वर्षी आमच्या महिला मंडळाने उजळणी आणि बालभारतीच्या गणितांचे टेबल मांडायचे ठरवले आहे. जागा मिळते का बघू.

जुनी पुस्तके घेणाऱ्यांसाठी थोडे. अप्पा बळवंत चौकात आणि आसपास वापरलेली पुस्तके स्वस्त मिळतात, पण आतल्या पानावर आवृत्तीचे वर्ष पाहावे. २०२३ आणि २०२४ मधली काही पुस्तके चार भागांत विभागलेली आणि मध्ये कोरी पाने असलेली आहेत. चारही भाग असतील तरच घ्यावीत. २०२५ पासून नवा अभ्यासक्रम पहिलीपासून सुरू झाला आहे आणि पुढच्या इयत्तांची पुस्तके क्रमाने बदलायची आहेत, म्हणून शेजारच्या मोठ्या मुलाचे जुने पुस्तक धाकट्याला चालेल की नाही हे शाळेत विचारून घ्यावे. आणि दुकानात उभे राहून मधले एखादे पान मोठ्याने वाचून पाहावे. दुकानदार घाई करतात, करू द्यावी.